माती परत

“पाणी जास्त झालंय,” असं पलीकडून कोणीतरी म्हणालं, आणि कवळीवाल्याच्या हातातला मेणाचा चाकू निसटून टेबलाखाली गेला. एवढंच झालं. लाकडी आडोशापलीकडे डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, अलीकडे ह्याची खोली, मध्ये डबे सरकवण्यापुरती खिडकी. त्या खिडकीतून दिवसभर नाना आवाज येत, कण्हणं, गुळण्या, पोरांची भोकाडं, बाईंचं ‘आ करा, अजून आ करा’. त्यातल्या कशाकडेही त्याचं लक्ष नसे. गल्लीत बोलवा अशी होती, की ह्याच्या कानाशी तोफ उडवली तर हा आधी हातातली दाढ बसवील आणि मग सवडीनं बहिरा होईल. पण हे वाक्य कानातून आलंच नाही, ते अंगठ्यांतून आलं. दोन्ही अंगठे आपोआप ताठ झाले, जणू पुढं काहीतरी मऊ आहे आणि ते आता दाबायचं आहे. त्यानं ते मुठीत दाबून धरले आणि खिडकीला डोळा लावला. बाई जबड्याचं माप घ्यायची गुलाबी लापशी घोटत होत्या आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं न विचारता वाडग्यात बोट बुडवलं होतं. तोंडात एक दात नव्हता, शब्द ओठांवरून सांडत होते. पण बोट बुडवायचं, ते अंगठ्यावर चोळून बघायचं, आणि जगात कुणालाच काही नीट कालवता येत नाही अशा कंटाळ्यानं ते वाक्य टाकायचं, हे सगळं एकाच माणसाचं होतं, त्याच्या शाळेतल्या मास्तरांचं. कान तेवढे मोठे राहिले होते. बाकी मास्तर एवढासा झाला होता, कोटाच्या आत कुठंतरी. कवळीवाल्याला पहिल्यांदा आला तो राग ह्याचाच. ज्याला इतकी वर्षं मनात अख्खा, उंचापुरा उभा ठेवला, रोज झाडलापुसला, तो असा परस्पर अर्धा होऊन यावा? उरलेला अर्धा कुणी खाल्ला? तो तर आपल्या वाट्याचा होता.

बाईंनी खिडकीतून माप सरकवलं आणि नेहमीसारखं, वर न बघता, सांगितलं, की पूर्ण कवळी, वरची-खालची, म्हातारबाबा मोठे कलावंत आहेत, जरा मन लावून करा. मन लावून. त्यानं ते माप हातात घेतलं तेव्हा ते अजून कोमट होतं. मास्तरांच्या तोंडाची ऊब त्याच्या तळहातात होती, आणि ती पुसावी की जपून ठेवावी हे त्याला ठरवता येईना.

शाळा टेकडीवर होती आणि एवढीशी, की दोन वर्ग एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसत. इकडच्यांनी इतिहास ऐकायचा, तिकडच्यांनी गणित, आणि ज्याला जे नको असेल त्यानं दुसरं ऐकायचं. पोरं तिथंच राहायची, तिथंच जेवायची, एकाच लांब खोलीत लोखंडी खाटांवर झोपायची. शाळेला पैसा नव्हता, पण कलेची हौस दांडगी होती. गाणं होतं, चित्रं होती, एक पेटी होती जिची खालची पट्टी कायम दमेकऱ्यासारखी धापा टाकायची, आणि मागच्या पडवीत मातीकाम होतं. मातीकामाचे मास्तर पोरांना घोडे नाही, फुलं नाही, फक्त डोकी करायला लावत. माणसाचं सगळं मानेच्या वर असतं, खाली नुसती वाहतुकीची सोय, असं ते म्हणत. म्हणून त्यांचं नाव डोकेमास्तर. आणि त्या पडवीत एक रिवाज होता, जो दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं वाटत नाही. चांगली माती लांबून येत असे आणि भट्टी इतकी लहान होती, की तिच्यात एकच डोकं मावे. त्यामुळे सहामाहीच्या शेवटच्या दिवशी मास्तर सगळ्यांची डोकी ओळीनं मांडायचे, एक निवडायचे, ते भट्टीत जायचं, आणि बाकीच्यांनी आपापलं डोकं आपल्या हातांनी मोडून, मळून, गोळा करून हौदात टाकायचं. पुढच्या सहामाहीला त्याच मातीची दुसरी डोकी. ह्याला म्हणायचे ‘माती परत’. रडायचं नाही, तोंड फिरवायचं नाही, दुसऱ्याला मोडायला द्यायचं नाही. मोह सुटला पाहिजे, मास्तर म्हणत. आणि मोडायचीही पद्धत होती. दोन्ही अंगठे प्रथम तोंडात. “तोंडापासून सुरुवात करा. तोंड गेलं की बाकीचं आपोआप जातं,” असं सांगत ते ओळीमागून हिंडायचे, हात पाठीशी बांधून, एखादं कपाळ चुकून देखणं असेल तर तिथं क्षणभर थांबून. बहुतेक पोरांना गंमतच वाटे. आपल्याच हातांनी केलेलं नाक आपणच सपाट करायचं म्हणजे चैन. भट्टीत जायचं ते डोकं मात्र नेहमी एकाच पोराचं असे. त्याला सगळे पक्क्या म्हणत, कारण त्याचंच तेवढं काम पक्कं व्हायचं. उरलेले सगळे कच्चे.

कवळीवाल्याची आई शिवणकाम करायची. गाद्यांचे अभ्रे, पडदे, कुणाकुणाचे कोट उलटे करून द्यायची. दिवसभर तोंडात टाचण्या, त्यामुळे तोंड कधी पुरतं मिटायचंच नाही. पुढच्या दोन दातांत फट, दोरा तोडून तोडून पडलेली, आणि शेजारचा एक दात जरासा वाकून दुसऱ्याच्या अंगावर चढलेला, गर्दीत कोणी ओळखीच्याच्या खांद्यावर हात ठेवतं तसा. ती टाचण्यांसकट हसायची. टाचण्यांसकट रागवायची सुद्धा, आणि तेव्हा समोरच्यानं जरा मागं सरावं हे बरं. ती गेली तेव्हा हा शाळेत होता. मामा टेकडी चढून आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. मामानं घाम पुसला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला, आता घरी येऊन काय करणार, इथं जेवण वेळेवर मिळतं. आणि उतरून गेला. फोटो काढायची कुणाला कधी सवड झालीच नव्हती. त्या सहामाहीत ह्यानं कुणाशी एक शब्द न बोलता तिचं डोकं केलं. ओल्या फडक्याखाली ते सगळा वेळ जिवंत असायचं. सकाळी फडकं उचललं की माती घामेजलेली असे आणि वाटे, नुकतीच उठलीय. डोळे जमले नाहीत, नाक जेमतेम. पण तोंड जमलं, अर्धवट उघडं, फटीसकट, आणि ते इतकं जमलं की ओठांच्या कडेला टाचण्या दिसत नसूनही असायच्या.

शेवटच्या दिवशी मास्तर त्या डोक्यापुढे थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग म्हणाले, “उघड्या तोंडाचं डोकं वेड्याचं असतं. आधी तोंड मिटवायला शीक.” पोरं हसली. आणि भट्टीत जायला त्यांनी पक्क्याचं डोकं उचललं, जे त्या वेळी खुद्द मास्तरांचंच होतं, मिटल्या ओठांचं, भारदस्त, कानांना जरा सवलत दिलेलं. ह्याच्या हातून मोडेना. त्यानं अंगठे नेले, टेकवले, आणि ते तिथंच राहिले. तेव्हा मास्तर मागून आले, आपल्या मोठ्या हातांत त्याचे हात धरले, आपले अंगठे त्याच्या अंगठ्यांवर ठेवले, आणि दाबले. फार जोरात नाही. मऊ होती माती. दोघांचे मिळून चार अंगठे आईच्या तोंडात गेले, आणि कानाशी मास्तर म्हणाले, पाणी जास्त झालंय, म्हणून अशी बसते.

त्यानंतर मातीला त्यानं हात लावला नाही. पण हातांना दुसरं काही येत नव्हतं, तोंडं तेवढी येत होती, म्हणून फिरत फिरत तो ह्या धंद्यात आला आणि लोकांची तोंडं भरू लागला. नाव झालं. एका निवृत्त न्यायाधीशाची कवळी त्यानं केली, ती पाण्याच्या पेल्यात ठेवली तरी जेवणाऱ्यांना गप्प बसवते, असं त्या न्यायाधीशाची सूनच सांगत असे. हा हसायचा. बायकोला मात्र माहीत होतं, की हा माणूस झोपेत अंगठे मुठीत घेऊन झोपतो, तान्ह्या मुलासारखा, आणि उघडायला गेलं तर चावायला येतो.

आठवड्याभरात मास्तर पुन्हा आले. चावा घ्यायचा होता, म्हणजे मेणाच्या पट्ट्या तोंडात बसवून दोन्ही जबडे किती अंतरावर मिटतात ते ठरवायचं. बाहेर रोग्यांची रांग लागली होती, म्हणून बाईंनी ते काम ह्याच्यावर टाकलं. तो आडोशाच्या पलीकडे गेला, मास्तरांच्या समोर उभा राहिला, आणि त्यांनी आ केलं. मिटल्या ओठांचा, भारदस्त मास्तर त्याच्यापुढे आ करून बसला होता, आणि त्याचे दोन्ही अंगठे मास्तरांच्या तोंडात होते. हिरड्या मऊ होत्या. जरा दाबलं असतं तर बसल्या असत्या. तो थांबला, आणि त्या थांबण्याची चव त्यानं पुरती घेतली, जिभेखाली खडीसाखर धरावी तशी. मास्तरांनी त्याला ओळखलं नव्हतं. पांढरा कोट, तोंडावर फडकं, आणि मुळात कच्च्या पोरांचे चेहरे लक्षात ठेवायची त्यांना सवय कधी नव्हतीच. मेण तोंडातून निघालं की ते बोलायला लागत, आणि सगळं बोलणं पक्क्याचं. पक्क्या आता मोठा शिल्पकार झालाय, चौकाचौकांत त्याचे पुतळे आहेत, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून मास्तरांचं डोकं त्याच्याकडून करवून घ्यायचं ठरवलंय, आधी मातीत, मग धातूत, शाळेच्या अंगणात कायमचं. त्यासाठीच दात. पक्क्या म्हणतो, तोंडात दात असल्याशिवाय गाल उभे राहत नाहीत. फार प्रामाणिक कलावंत आहे, समोर असेल तेच करतो, स्वतःच्या पदरचं काही घालत नाही. हे शेवटचं मास्तरांनी कौतुकानं सांगितलं.

“मुलांना डोकी मोडायला लावायचात म्हणे तुम्ही,” कवळीवाला म्हणाला. मेण कोमट करत होता, मान वर केली नाही.

“कोण म्हणे?”

“ऐकलं होतं कुठंतरी.”

“किती मोडली ते कोण लक्षात ठेवतो,” मास्तर म्हणाले. “माती वाचली की नाही?”

त्या संध्याकाळी तो चालत घरी गेला, आणि रस्ताभर मास्तरांना मारत गेला. साधं मारणं नाही. त्याच्या धंद्यात माणसाला छळायचे जे मार्ग आहेत ते बाहेरच्याला कळायचे नाहीत, आणि तो एकेक मार्ग दुकानातल्या कापडासारखा उलगडून, हात फिरवून, बाजूला ठेवत होता. पुढचे दात केसभर आत घेतले की प्रत्येक ‘स’ला शिट्टी वाजते. अंगणात समारंभ, सगळे जुने विद्यार्थी, मास्तर भाषणाला उभे, आणि शाळेसाठी, संस्कारांसाठी, साधनेसाठी नुसत्या शिट्ट्या, आणि टेकडीखालची कुत्री गोळा होताहेत. ह्याला तो एकटाच रस्त्यात हसला, आणि समोरून येणारी बाई पलीकडच्या फुटपाथवर गेली. किंवा टाळूला एक खडा ठेवायचा, मोहरीएवढा, जो बोटाला लागत नाही पण जिभेला दिवसरात्र लागतो. माणूस त्यानं वेडा होतो, पण मरत नाही. किंवा वरची कवळी अशी सैल ठेवायची, की नेमकी टाळ्यांच्या वेळी ती खाली येईल आणि मास्तर आपलेच दात आपल्या हातात झेलतील. सगळं मजेदार होतं, आणि सगळं थोडं होतं. शिट्टी विरून जाईल, खडा दुसरा कोणी घासून देईल. आणि धातूचं डोकं मात्र मिटल्या तोंडानं उभं राहील, ऊनपावसात, त्या भट्टीतल्यासारखंच. म्हणजे ‘माती परत’ पुन्हा कच्च्यांनीच करायची, आणि पक्का पुन्हा तोच.

घरी बायको गच्चीत चादरी वाळत घालत होती, दातांत लाकडी चिमटा धरून, आणि चिमट्यासकट त्याला काहीतरी बोलत होती, उशिराबद्दल असावं. त्याला शब्द कळले नाहीत. ते तोंड दिसलं. बायकोचं नव्हे, चिमट्याभोवती जरासं उघडं राहिलेलं ते तोंड. तो तसाच उलट पावली घरातल्या कामाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आईचे डोळे त्याला आता आठवत नव्हते. नाक तर कधीच गेलं होतं. आवाजही नव्हता, म्हणजे असायचा पण शब्दांशिवाय. तिचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते ते तोंड, आणि तेही डोक्यात नाही, अंगठ्यांत. त्यानं मेण मऊ केलं, डोळे मिटले, आणि अंगठ्यांना वाट दिली. फट पडली. शेजारचा दात वाकला, दुसऱ्याच्या अंगावर चढला. दोरा तोडून झिजलेली कड त्यानं कानशीनं नाही, नखानं आणली. डोळे उघडले तेव्हा समोर मेणाच्या हिरड्यांत ती होती. त्याला हुंदका यायला हवा होता. आला तो हिशेब. चाव्याची उंची जराशी वाढवली, तर ओठ मिटत नाहीत. माणसानं कितीही ठरवलं तरी ते अर्धवट उघडेच राहतात. आणि पक्क्या समोर असेल तेच करतो.

म्हणजे आई अंगणात उभी राहील, धातूत. मास्तरांच्या तोंडात. आणि मास्तर उभे राहतील वेड्याच्या डोक्यानं, उघड्या तोंडाचे, कायमचे. ह्या विचारानं तो इतका शांत झाला की बायकोनं दार ठोठावलं तेव्हा त्याला कडी काढायच्या आधी ते लपवायचंही सुचलं नाही.

तिनं ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. “हे कोणाचं? असे वाकडे दात कोण मागून घेतं?”

एका नटाचं आहे, भूमिकेसाठी, असं तो म्हणाला.

“नट? अहो, ही बाई आहे,” ती म्हणाली. “आणि हसतेय. कोण हो ही?” तिच्या बोलण्यात थट्टा होती, थोडा संशयही होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, कवळी अलगद टेबलावर ठेवली, एखादी पाहुणी बसवावी तशी, आणि निघून गेली.

डॉक्टरीणबाईंना दाखवायला त्यानं दुसरेच दात मेणात लावले, सरळ, शिस्तीचे, आणि बाईंनी ते मास्तरांच्या तोंडात घालून पाहिले, मास्तरांनी आरशात मान डोलावली, सगळं छान झालं. मग बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना सांगून गेल्या, की तेवढी कवळी तुम्हीच बसवून द्या. त्या गेल्या आणि त्यानं सरळ दात काढून टाकले. आईचं तोंड साच्यात घातलं, वर हिरड्यांचा गुलाबी मसाला दाबला, साचा आवळला, आणि उकळत्या पाण्यात सोडला. पाणी खदखदत होतं आणि तो शेजारी स्टुलावर बसून होता. भट्टीच्या रात्री पक्क्या असाच बसायचा, मांडीवर हात ठेवून, आणि कच्च्यांना जवळ येऊ द्यायचा नाही. ती ऊब कशी असते ते त्याला आत्ता कळत होतं. मध्येच एकदा वाटलं, की झाकण काढावं, साचा उचलावा, गार पाण्यात टाकावा. हे तोंड देऊन टाकलं तर आपल्याकडे काय राहतं, असा एक प्रश्न वाफेसारखा वर आला. पण सूड घेणाऱ्या माणसाचं एक असतं, की तो स्वतःला एवढ्यातेवढ्यासाठी थांबवत नाही. त्यानं आच वाढवली.

मास्तर आले ते नवा कोट घालून. बाहेर गाडी उभी होती, पक्क्यानं पाठवलेली. आज पहिली बैठक, माती उभी करून ठेवलीय, असं ते सांगत होते. कवळीवाल्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतःच्या तोंडावरचं फडकं काढलं, मुद्दाम, आणि कवळी त्यांच्या तोंडात बसवली. ती अशी बसली, जशी जन्मापासून तिथंच होती. गाल उभे राहिले. मास्तर पुन्हा मास्तर झाले, अर्धे होते ते पूर्ण झाले, आणि त्या पूर्ण झालेल्या चेहऱ्यात ओठ मिटायला गेले आणि मिटले नाहीत. त्यानं आरसा दिला.

मास्तर आरशात बघत राहिले. एकदा ओठ ओढून घेतले, सोडले, ते उघडले. मग त्यांचा उजवा अंगठा वर आला. त्यांनी तो आणला असं वाटलं नाही, तो आला. पुढच्या फटीवर टेकला, वाकलेल्या दातावरून गेला, परत फटीवर आला आणि थांबला. आरशातले डोळे बारीक झाले. डोक्याला जे आठवत नव्हतं ते अंगठ्याला आठवत होतं. मग त्यांनी आरसा खाली केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं, फडकं नसलेल्या चेहऱ्याकडे.

“हे मी पाहिलंय,” ते म्हणाले.

“पाहिलंय.”

“कोणाचं होतं?”

“आईचं.”

बाहेर गाडीवाल्यानं एकदा हॉर्न दिला. “तेव्हा बोलला नाहीस,” मास्तर म्हणाले. मग जुनाच आवाज आला, नव्या दातांतून, शिस्तीचा, “मोड हे. दुसरं कर.”

“भाजलंय, सर,” तो म्हणाला. “भाजलेलं मोडत नाही.”

ह्या वाक्यासाठी तो इतकी वर्षं जगला होता असं त्याला म्हणताना वाटलं, आणि म्हणून झाल्यावर तोंडात काहीच उरलं नाही. मास्तरांनी कवळी काढून त्याच्या तोंडावर फेकावी असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यासाठी तो खुर्चीजवळ तयारच होता. पण मास्तर पुन्हा आरशात बघत होते, आणि त्यांच्या बघण्यात राग होता की भीती, की पडवीत त्या ओळीपुढे जास्त थांबताना जे होतं तेच, हे त्याला ओळखता आलं नाही. तेव्हाही आलं नव्हतं.

“चावताना त्रास होणार,” मास्तर म्हणाले.

“होणार.”

“बोलताना?”

“सवय होईल.”

मास्तर उठले. कोट सारखा केला, कान चाचपले, आणि ती कवळी तोंडात घेऊन तसेच गाडीत जाऊन बसले. काच वर होईपर्यंत त्यांचं तोंड उघडं दिसत होतं, आणि गाडी वळताना क्षणभर असं वाटलं, की कोणीतरी टाचण्यांसकट हसलं.

बाई परतल्या, त्यांना काही कळलं नाही, मास्तर तक्रार घेऊन आलेच नाहीत. त्यांनी दुसरीकडे दात करून घेतले असते तर कोणी अडवलं नव्हतं. पण पुढं बाईंनीच सांगितलं, की म्हातारबाबा गेले, डोकं धातूत ओतायच्या आधीच गेले, शेवटपर्यंत आपलीच कवळी होती बरं का तोंडात, घरच्यांनी काढू म्हटलं तर देईनात. बाईंना हे धंद्याचं भूषण वाटलं. त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, कोण गेलं, तर तो म्हणाला, एक नट. ती म्हणाली, मग त्या बाईचं काय झालं? हे तिनं इतक्या सहज विचारलं, की तो ताटावरून उठला.

काही दिवस तो जिंकलेल्या माणसासारखा वागला. जरा मोठ्यानं बोलायचा, उगाच नवीन बूट घेतले. पण एक गोष्ट हळूहळू बिघडत होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही. पूर्वी तो झोपण्याआधी अंगठे मुठीत घ्यायचा आणि ते तोंड यायचं, अंधारात, एकटं, बाकी चेहऱ्याशिवाय, आणि त्यानं काही बिघडत नसे. आता ते यायचं, आणि त्याच्यावर नाक यायचं. मास्तरांचं नाक. मग कान, ते मोठे. मग सगळा मास्तर जमायचा, एकेक करून, आईच्या तोंडाभोवती, आणि ते तोंड म्हणायचं, पाणी जास्त झालंय. त्यानं नाक पुसून काढलं, ते परत आलं. त्यानं शिलाईचं यंत्र आठवलं, टाचण्यांची डबी, कोटाचं उलटं अस्तर, की त्यांच्या आडोशानं ती तरी आपल्या चेहऱ्यानं यावी. यंत्रापुढे मास्तर बसलेले असायचे, तोंडात टाचण्या धरून.

तेव्हा तो एका साध्या दिवशी, सणसमारंभ काही नसताना, ती टेकडी चढला. शाळा तशीच होती, रंग नवा. मधली सुट्टी होती, पोरं अंगणात हुंदडत होती. पक्क्यानं खरंच पदरचं काही घातलं नव्हतं. चबुतऱ्यावर मास्तर होते, कानांना ह्या वेळी सवलत नव्हती, आणि तोंड अर्धवट उघडं, फट, वाकलेला दात, झिजलेली कड सुद्धा. पोरांनी त्या फटीत पेन्सिल खोवली होती. एक पोरगी जाता जाता तिथं टॉफीचा कागद कोंबून गेली आणि मैत्रिणीला म्हणाली, “हसरे मास्तर”. खालच्या पितळी पट्टीवर मास्तरांचं मोठं नाव होतं, पण पोरांत ते चाललेलं दिसलं नाही. आईचं नाव कुठंच नव्हतं. असणार कसं, ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत होतं? त्यानं पेन्सिल काढली. कागद काढला. घंटा झाली, पोरं आत गेली, आणि अंगण इतकं रिकामं झालं, की पडवीतून ओल्या मातीचा वास आला.

तो जवळ गेला. असंच उभं राहून बघितलं तर नाक दिसत होतं. हातानं नाक झाकलं, तर कपाळ. एक हात कपाळावर, एक नाकावर, असं सगळं झाकून मधून ते तोंड एकटं बघायचा त्यानं प्रयत्न केला, आणि हात पुरेनात. तेव्हा त्यानं हात काढून घेतले, इकडेतिकडे बघितलं, आणि दोन्ही अंगठे त्या तोंडात घातले. तोंडापासून सुरुवात. तोंड गेलं की बाकीचं आपोआप जातं. ऊन सकाळपासूनचं होतं, धातू तापला होता, कोमट, बाईंनी खिडकीतून सरकवलेल्या त्या मापासारखा. त्यानं दाबलं. मग अंगाचा भार देऊन दाबलं, टाचा उचलून, दात आवळून, आणि स्वतःचं तोंड उघडं पडलंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कोणीतरी मागून येऊन आपले अंगठे त्याच्या अंगठ्यांवर ठेवील म्हणून तो तसाच, मान न वळवता, वाट बघत उभा राहिला.